खांद्यावर टिकेल असं अक्षर

रंग किती वर्षं टिकतो हा प्रश्न माझ्या मुलाला पडला, तेव्हा त्याने तो इंटरनेटला विचारला. घरात ज्या माणसाने चौतीस वर्षं पगार घेऊन फक्त याच प्रश्नाचं उत्तर शोधलं, तो समोरच्या खुर्चीत बसून चहा पीत होता. पण घरच्या माणसाला विचारलं की उत्तर लगेच मिळतं आणि ते बरोबर असतं, हे दोन्ही आमच्या मुलाला सहन होत नाही.

मी भोसरीच्या एका रंगाच्या कारखान्यात चाचणी विभागात होतो. रंगवलेले पत्रे गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून तिरके बांधायचे आणि वर्षानुवर्षं ऊनपाऊस खाऊ द्यायचे. दर सहा महिन्यांनी ते उतरवून, उलटसुलट करून बघायचं, कोण किती फिका पडला, कोणाला भेगा गेल्या, कोणाचे पोपडे निघाले. वहीत जे खरं असेल ते मी लिहायचो, आणि विक्री विभाग ती वही न उघडता डब्यावर हमी छापायचा. अशा कामाने माणसाचा स्वभाव गोड होत नाही. नव्या भिंतीसमोर उभा राहिलो की मला ती दहा वर्षांनंतरची दिसते. नव्या नवरानवरीसमोरही तेच होतं, म्हणून मी लग्नांना जाणं कमी केलं आहे.

मुलाचं नाव यज्ञेश्वर, माझ्या वडिलांचं. ऑफिसात तो यज्ञ आहे आणि घरी बाळ. वय एकोणतीस, उंची सहा फूट, हिंजवडीत नोकरी, तरी बाळच. तर या बाळाने एका रविवारी धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये, पोह्यांची बशी हातात धरून जाहीर केलं, "बाबा, मी खांद्यावर टॅटू करतोय. चिकानो स्टाईल."

"काय काढणार आहेस?"

"आईचा चेहरा."

वासंतीला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. घरात तिच्याबद्दल आम्ही दोघं फारसं बोलत नव्हतो. भाजीत मीठ कमी आहे, गॅस संपत आलाय, एवढ्यावर आमचं भागत होतं. त्यामुळे चेहरा हा शब्द पोह्यांवर पडल्यावर मी लिंबू पिळायला घेतलं, कारण काहीतरी पिळणं आवश्यक होतं.

बाळाने मोबाईलवर मला चिकानो म्हणजे काय ते दाखवलं. अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांची ही शैली. त्यांच्यातल्या काही कैद्यांनी तुरुंगात कॅसेट प्लेयरची मोटर आणि गिटारची तार जोडून एका सुईचं यंत्र बनवलं. रंग मिळे तो एकच, काळा. तोच पातळ करत करत त्यांनी करड्या छटा काढल्या. बायकांचे चेहरे, गुलाब, जोडलेले हात आणि वेलांट्यांना वेल फुटल्यासारखी लफ्फेदार अक्षरं. मी म्हटलं, येरवड्याला इतकी वर्षं इतके लोक जाऊन आले, पण कोणाला हे सुचलं नाही. आपल्याकडे सतरंज्या विणायला शिकवतात.

"बाबा, सिरियसली सांगा. कसं वाटतं?"

"आज चांगलं वाटतं. तू चाळीस वर्षांचा झाल्यावर कसं दिसेल?"

"लोक म्हणतात, एज वेल होतं."

"कोणते लोक? ज्यांनी मागच्या आठवड्यात केलं ते?"

तिथे त्याचं उत्तर संपलं आणि माझं काम सुरू झालं.

पुण्यात मुली बघायला जायची पद्धत आता मोडीत निघाली आहे. मी त्याऐवजी खांदे बघायला जाऊ लागलो. आधी टॅटूवाला बघितला. स्वारगेटच्या बस डेपोमागे, गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर इम्तियाज नावाच्या पस्तिशीतल्या माणसाचा स्टुडिओ आहे. बाळाने तो निवडला होता, कारण त्याला फॉलोअर्स पुष्कळ. मला तो आवडला, कारण आम्ही गेलो तेव्हा तो फरशी पुसत होता.

त्याने अल्बम पुढे केला. मी तो मिटून परत दिला.

"ताजं काम दाखवू नका. ताजा रंग सगळ्यांचाच छान दिसतो. दहा वर्षांपूर्वीचं दाखवा."

"काका, अकरा वर्षांत हे विचारणारे तुम्ही पहिले."

"म्हणजे दुकान अकरा वर्षांचं आहे. मग दहा वर्षांपूर्वीचं गिऱ्हाईक असणारच."

बाळाने कपाळावर हात मारला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्याला माझी लाज वाटते तेव्हा तो जवळच्या भिंतीचा अभ्यास करतो. इम्तियाजने मात्र थोडा विचार करून फोन लावला, आणि पंधरा मिनिटांत संपत नावाचा रिक्षावाला जिना चढून वर आला. त्याने खाकी शर्टाची बाही खांद्यापर्यंत गुंडाळली आणि दंड माझ्यापुढे केला.

संपतच्या उजव्या दंडावर, बाही संपते तिथे, त्याच्या मुलीचा चेहरा होता. मुलगी वर्षाची असताना काढलेला, भोवती गुलाब. रिक्षावाल्याचा उजवा हात म्हणजे माझ्या गच्चीवरचा पत्राच, दिवसभर उन्हात. डोळे ओळखू येत होते. नाकाच्या सावलीने मात्र मधल्या काळात ओठ गाठला होता आणि पोरीला स्पष्ट मिशी फुटली होती. गुलाबांचे कांदे झाले होते.

"माझं शिकाऊ काम आहे," इम्तियाज म्हणाला. "चेहरा लहान घेतला. रेघा जवळजवळ ठेवल्या. रंग कातडीखाली दरवर्षी थोडा पसरतो. जागा सोडली नाही, तर एकात एक मिसळतं."

आपली चूक गिऱ्हाईकाला बोलावून घेऊन दाखवणारा माणूस मी विक्री विभागात चौतीस वर्षांत पाहिला नव्हता. मनातल्या मनात मी त्याला पास केलं.

"वाईट वाटत नाही?" मी संपतला विचारलं.

"कशाचं? पोरगी आता अकराची हाय. म्हणती, पप्पा, ह्यो कोण बाबा काढलाय?" तो हसला आणि बाही खाली करत म्हणाला, "मला दिसतीय की ती. बाकीच्यांना कशाला दिसाया पाहिजे?"

हे उत्तर कुठल्याही चाचणीत बसत नाही, म्हणून मी ते वहीत लिहिलं नाही. पण परतीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसून आलं.

चेहऱ्याला मी नाही म्हटलं. रेघा पसरतात, छटा गढूळ होतात, खांद्यावर एवढी जागा नाही, असे सात मुद्दे बाळाला लिहून दिले आणि सातही खरे होते. आठवा लिहिला नाही. शेवटच्या आठ महिन्यांत वासंती माझ्या डोळ्यांसमोर रोज थोडी फिकी होत गेली होती. आधी गालांचा रंग गेला, मग आवाज, मग मी खोलीत आलोय हे तिला कळायचं बंद झालं. रंग उडणं ओळखण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, त्यामुळे मला प्रत्येक दिवस दिसला. तेच पुन्हा, मुलाच्या खांद्यावर, सावकाश वीस वर्षं बघायची माझी तयारी नव्हती. हे सरळ सांगता आलं असतं. आमच्या घरात सरळ फक्त पट्टी ठेवतात.

"चेहरा नको, नाव काढ," मी म्हटलं. "अक्षर टिकतं. एक रेघ पसरली तरी वाचता येतं."

मला वाटलं होतं तो वाद घालेल. त्याने मोबाईल उपडा ठेवला. मग म्हणाला, "नाव नको. चेहराच बरा होता."

"का?"

"असंच."

असंच हे कारण आमच्या विभागात चालत नसे. पुढचे चार दिवस मी त्याला नावाचे फायदे ऐकवले. शेवटी, माझा आवाज बंद व्हावा म्हणून असेल, तो हो म्हणाला.

इम्तियाजने कागदावर नाव काढलं, वासंती. अक्षरांना खालून वरून लफ्फे, काळ्याचं करडं होत जाणारी सावली, वेलांटीचं टोक पार कॉलरच्या हाडापर्यंत. दिसायला देखणं होतं. पण अशा वळणाची इंग्रजी अक्षरं तिकडे चाळीस वर्षं टिकली असतील, देवनागरीचं काय? कोणी तपासलंय? मी विचारलं. बाळ पुन्हा भिंतीकडे वळला.

इम्तियाजने पेन्सिल कानामागे ठेवली. "काका, त्यासाठी माझ्या अब्बांकडे जा. त्यांनी चाळीस वर्षं रविवार पेठेत भांड्यांवर नावं घातली. दोनदा घासून, चारदा आपटून अक्षर कसं राहतं, ते त्यांच्याएवढं कोणाला माहीत नाही. फक्त माझ्या धंद्याबद्दल विचारू नका. भांड्यावर चुकलं तर भांडं मोडीत देता येतं, माणूस कुठे देणार, असं म्हणतात."

मला हे मत तोलामोलाचं वाटलं. आणि नमुना घरातच होता. आमचं लग्न एकोणनव्वद सालचं. माझ्या आईने तेव्हा सुनेच्या नावाने स्टीलची पाच पातेली घेतली होती. ती स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली असत. स्टूल लावून मी मोठं पातेलं काढलं, कागद सोडला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, सौ. वासंती, १९८९. तेहतीस वर्षांनीसुद्धा एकेक ठिपका सुईसारखा. मी इतका खूश झालो की पातेलं पिशवीत घालून दुसऱ्याच दिवशी बसने स्वारगेट आणि तिथून चालत घोरपडे पेठ गाठली.

अल्लाबक्ष पंचाहत्तरीचे, बारीक अंगाचे, पांढरीशुभ्र दाढी. खिडकीपाशी खुर्चीवर बसले होते. उजव्या हाताची बोटं आता थरथरतात, म्हणून काम सोडलं म्हणाले. मी पातेलं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि निकाल आधीच सांगून टाकला की, बघा, देवनागरी तेहतीस वर्षं जशीच्या तशी.

त्यांनी पातेलं उजेडात धरलं. अंगठा नावावरून फिरवला, मग तळावरून, मग आतून.

"साहेब, आपण काय करत होता म्हणालात?"

"रंगाच्या टिकाऊपणाची चाचणी. पत्रे गच्चीवर बांधून."

"मग गच्चीवर कधी बांधलाच नाही, अशा पत्र्यावरून आपण निकाल द्यायचा का?"

मला कळेना. त्यांनी तळ माझ्याकडे केला. "हे विस्तवावर गेलेलं नाही. घासणी याला माहीत नाही. फळीवर बसून कोणाचंही नाव टिकेल. रोजच्या घासण्यातलं भांडं आणा, मग बोलू."

पुण्यात माझा असा अपमान गेल्या कित्येक वर्षांत कोणी केला नव्हता. शिवाय तो बरोबर होता. मी पातेलं परत पिशवीत घातलं.

घरी आलो तेव्हा विजयमाला भांडी घासत होती. ती धायरी गावातली, आमच्याकडे सहा वर्षं आहे, दोन वर्षांपासून स्वयंपाकही तीच करते. मी तिला म्हटलं, रोजच्या वापरातली, नाव घातलेली भांडी काढून दे. तिने हात पुसले आणि मांडणीवरून एकेक ओट्यावर उपडं ठेवायला सुरुवात केली. दुधाचं भांडं, भाताचा गंज, दोन वाट्या, फोडणीचं पातेलं, पोळ्यांचा डबा. मी चष्मा लावला.

उल्का.

दुधाच्या भांड्याच्या तळाला उल्का. गंजावर उल्का. वाट्यांवर बारीक अक्षरात उल्का. कुठे सौ. नाही, आडनाव नाही. खाली फक्त साल. ९१, ९४, ९९, २००७. ठिपके झिजले होते, काही जागी नुसती खरखर उरली होती, पण अडीच फुटांवरून वाचता येत होतं.

"ही कुठली भांडी?" मी विचारलं.

"कुठली म्हंजी? घरातलीच हायती. रोज यातच तर जेवता."

"यावर नाव उल्का आहे."

"मग? समद्यांवर त्येच हाय." ती माझ्याकडे बघत राहिली. "मला वाटलं, काका, तुमची भन असंल. लगीन झाल्यावर भांडी हितंच ठिवून गेली असंल."

मला बहीण नाही. उल्का माझ्या बायकोचं नाव. म्हणजे लग्नाच्या दिवशी दुपारी बारा वाजेपर्यंत होतं. माझ्या आईला ते पसंत नव्हतं. आकाशातून पडणाऱ्या वस्तूचं नाव घरात नको, म्हणाली. ताटात तांदूळ पसरले, माझ्या हातात अंगठी दिली आणि मी तांदळात लिहिलं, वासंती. माझं अक्षर चांगलं म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. हिला विचारलं का? तेव्हा विचारायची पद्धत नव्हती, असं मी सांगत आलो आहे. पद्धत हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्याच्यामागे अख्खा माणूस लपतो.

ती कधी काही बोलली नाही. टेलिफोन खात्यात नोकरीला होती, तिथेही कागदोपत्री वासंती झाली. माहेरचे फोनवर चाचरत वासंती म्हणू लागले. दोनचार वर्षांत मी दुसरं नाव विसरूनही गेलो. आणि ती मात्र दर दिवाळीला बोनस झाला की रविवार पेठेत जाऊन एक भांडं घेत होती.

विजयमालाने शेवटी माळ्यावरच्या खोक्यातून आणखी एक वस्तू काढली. माझा ऑफिसचा डबा. तीन पुडांचा, कडीचा. मी तो कारखान्यात चोवीस वर्षं नेला. सकाळी सव्वासहाला ती तो पिशवीत ठेवायची, मी उचलायचो, बस पकडायचो. दुपारी साडेबाराला उघडायचो, खायचो, मिटायचो. गच्चीवरचा एकेक पत्रा मी दर सहा महिन्यांनी उलटा करून तपासत होतो, पाठीमागे गंज तर नाही ना म्हणून. डबा कधी उलटा केला नाही.

आता केला. तळाला, मोठ्या अक्षरात, उल्का. ९३.

मी डबा सुलटा केला, पुन्हा उलटा केला. विजयमाला म्हणाली, बसा, पाणी देते. पाणी तिने वाटीत दिलं. वाटीवरही तेच नाव होतं.

संध्याकाळी बाळ आला तेव्हा सगळी भांडी मी जेवणाच्या टेबलावर सालाप्रमाणे ओळीने उपडी मांडून ठेवली होती. आयुष्यभर जे करता येत होतं तेच केलं. त्याने बॅग खाली ठेवली, टेबलाकडे बघितलं, आणि माझ्याकडे न बघता खुर्ची ओढून बसला.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"कधीपासून?"

"शाळेपासून. माझ्या डब्यावर पण होतं ना. मुलं विचारायची उल्का कोण, मी सांगायचो, आई."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"मला वाटायचं तुम्हाला माहीतच असेल. रोज नेत होता तुम्ही." तो डब्याच्या कडीशी चाळा करत राहिला. "मग आठवीत असताना मी आईला म्हटलं, बाबांना दाखवूया. ती म्हणाली, राहू दे. त्यांचा डबा रिकामा येतो ना परत, तेवढं पुरे."

माझ्याजवळ त्या वेळी टोमणा नव्हता. शोधला, सापडला नाही.

"म्हणून मी चेहरा म्हणालो होतो," बाळ म्हणाला. "चेहऱ्याला नाव लागत नाही. उल्का काढलं असतं तर तुम्हाला सांगावं लागलं असतं. वासंती काढायचं माझ्या मनात नव्हतं. चेहऱ्यात काही भांडण नव्हतं."

म्हणजे माझ्या पोराने वादावर व्यवस्थित तोडगा काढला होता, आणि मी सात मुद्दे लिहून तो हाणून पाडला होता. असा माणूस घरात असल्यावर बाईने आपलं नाव भांड्यांच्या तळाला नाही ठेवायचं तर कुठे ठेवायचं? मला रडू आलं. बाळ उठून माझ्या खुर्चीमागे उभा राहिला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. कुठे ठेवायचा हे त्यालाही नीट माहीत नव्हतं, कारण आम्हाला सवय नाही.

शनिवारी आम्ही डबा घेऊन घोरपडे पेठेत गेलो. अल्लाबक्षांनी तळ बघितला आणि या वेळी अंगठा फिरवला नाही, लगेच म्हणाले, "हे माझ्या हातचं आहे."

"कशावरून?"

"अक्षराच्या पोटावरून. ल आणि क शेजारी आले की पोटं एकमेकांना चिकटतात. घासणीची घाण तिथे भरते आणि दहा वर्षांत नुसता काळा डाग राहतो. मी क जरा पलीकडे सरकवायचो. हे बघा, मोकळं आहे." मग त्यांनी डबा थोडा लांब धरला. "या बाई आठवतात. चेहरा नाही आठवत, पण दर दिवाळीला यायच्या. बाकीच्या बायका सौ., आडनाव, कोणाच्या मुंजीचं, सगळं घालून घ्यायच्या. या म्हणायच्या, नुसतं नाव घाला, पण नीट घाला, रोज घासायचंय. आपल्या कोण?"

"बायको," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि आणखी काही विचारलं नाही. वासंतीचं पातेलं घेऊन मी चारच दिवसांपूर्वी त्यांच्यापुढे बसलो होतो, ते त्यांच्या लक्षात होतं. म्हाताऱ्या माणसांची नजर वाईट. मग त्यांनी काठी घेतली आणि म्हणाले, चला, मुलाला दाखवतो. नंतर कळलं की अकरा वर्षांत ते त्या स्टुडिओचा जिना पहिल्यांदाच चढत होते. इम्तियाजने त्यांना दारात पाहिलं तेव्हा त्याच्या हातातून कागदांची गुंडाळी पडली.

पुढचा एक तास बापलेक नावावर वाद घालत होते. इम्तियाजने उल्काला लफ्फे काढले. अल्लाबक्षांनी अर्धे खोडले. सावली ठेव म्हणाले, पण अक्षराच्या बाहेर, पोटात नको. उ चं टोक लांब ने, हरकत नाही, पण रेघ केसाएवढी बारीक नको, ती आधी जाईल. अक्षर अंगठ्याएवढं तरी मोठं घे. गुलाब एकच आणि पाकळ्या मोजक्या. मी एवढंच सांगितलं की जागा दंडाच्या वरच्या भागावर, अर्ध्या बाहीखाली झाकली जाईल अशी असावी, म्हणजे ऊन लागणार नाही. माझं ते मत दोघांनी ऐकून घेतलं, कारण ते त्यांना आधीच माहीत होतं.

शेवटी जे कागदावर उतरलं ते तुरुंगातल्या त्या लोकांचंही होतं आणि रविवार पेठेचंही. काळं, करडं, एक गुलाब, आणि तीन अंगठ्यांच्या जागेत उल्का, सुटंसुटं, पोट मोकळं.

"दहा वर्षांनी दाखवायला यायचं," मी इम्तियाजला म्हटलं. "दरवर्षी एक फोटो, त्याच तारखेला, त्याच उजेडात."

"बाबा, दहा वर्षांनी तुम्ही त्र्याहत्तरचे असाल," बाळ म्हणाला.

"मग फोटो काढायला तू मला हात धरून आण. तोवर सनस्क्रीन लाव."

बाळ शर्ट काढून खुर्चीत बसला. इम्तियाजने खांदा पुसला, नावाचा छाप कातडीवर दाबला आणि कागद सोलून काढला. जांभळट रेघांत ते नाव माझ्या मुलाच्या अंगावर उभं राहिलं. डबा माझ्या मांडीवर उपडा होता. क किती सरकवायचा ते दिसावं म्हणून मला तो तसाच धरून ठेवायला सांगितलं होतं.

इम्तियाजने हातमोजे चढवले, यंत्र उचललं, आणि बाळाला विचारायच्या ऐवजी माझ्याकडे वळला. "काका, नाव फायनल ना? सुई लागली की पुसता येत नाही."

"फायनल," मी म्हटलं. "मागच्या वेळी मी तांदळात लिहिलं होतं. ते पुसता येत होतं."